धुरपदाबाईंचं दुधाळ औषध

"पाणी भरलं म्हणतात मी! औषधाच्या बाटलीत पाणी भरून सासूला मारायला निघाले म्हणतात!"

एवढं बोलून चंचल ऑफिसातल्या एकुलत्या गादीच्या खुर्चीवर बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. ती खुर्ची बाजीरावांची होती. रडणाऱ्या बाईला ऊठ कसं म्हणायचं? बाजीराव मुकाट्याने स्टुलावर सरकले.

लूम कामगारांच्या लिंबायत वस्तीतलं हे ऑफिस पिठाच्या चक्कीच्या माडीवर. दारावर पाटी होती, 'रंजना अहिरराव, खाजगी तपास'. काम बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांचं. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठे जमलं होतं का, असलं. रिक्षा बाजीरावांची, पायपीट बाजीरावांची, गल्लीबोळ बाजीरावांना पाठ. पण पाटीवर नाव मात्र रंजनाताईंचं! बाजीरावांना ते रोज जिना चढताना खुपायचं. वर कोडं सुटलं की ताई म्हणायच्या, "मामा, तुमच्याही समोरच तर होतं." म्हणजे जखमेवर मीठच की!

"नीट सांग," रंजनाताई म्हणाल्या. "तुझ्या सासूबाई, धुरपदाबाई, आता कशा आहेत?"

"शुद्धीवर आल्यात, पण बोलवत नाही. डॉक्टर म्हणाले, साखर इतकी चढली होती की अजून थोडा उशीर झाला असता तर खेळ खलास. रोज सुई देत असताना अशी चढतेच कशी, म्हणून त्यांनी विचारलं. सुई मी देते, ताई. नर्सबाईंकडून शिकून घेतलीय. मग शोभाअक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, हिनेच औषध काढून घेऊन पाणी भरलं."

"शोभाअक्का म्हणजे?"

"माझी जेठाणी, थोरली जाऊ. काशिनाथभाऊंची बायको. आज दिवेलागणीला त्यांच्याच घरी भाऊबंदांची बैठक आहे. मला माहेरी शिंदखेड्याला पाठवणार आणि गोलूला इथेच ठेवून घेणार. दोन वर्षांचं लेकरू आहे, ताई! आताही अक्कांच्याच घरी आहे, मला भेटूसुद्धा देत नाहीत."

"आणि नवरा?"

"योगराज? आई आणि भाऊ समोर असले की त्यांच्या तोंडाला कुलूप."

चंचलने पिशवीतून एक छोटी काचेची बाटली काढली. ताईंनी ती दोन्ही तळहातांमध्ये हलकेच घोळवली आणि उजेडात धरली. बाजीरावांनीही मान लांब केली. पांढुरक्या पाण्यात रव्यासारखे कण तरंगत होते आणि काचेला आतून पांढरे ठिपके चिकटले होते. लेबलाचा निळ्या पट्टीचा एक कोपरा फाटलेला होता.

"हे दाणे पहिल्यापासून होते?"

"नाही. अर्धी बाटली होईपर्यंत नीट दुधासारखं होतं. मग दिसायला लागले. मला वाटलं, तळाचं औषध आहे, जरा घट्ट असणारच."

"कधीपासून?"

चंचल आठवू लागली. "कानबाईच्या सणानंतर. सासूबाईंची लघवी मी रोज परीक्षानळीत निळ्या औषधासोबत तापवून बघते. साखर नसली तर निळंच राहतं, असली तर हिरवं, फार झाली तर विटकरी. कानबाईच्या रविवारपर्यंत निळं होतं. सोमवारी रात्री हिरवं आणि मग विटकरी. मी बोंबलून सांगितलं, पण सगळे म्हणाले, कानबाईच्या नैवेद्याचे रोट खाल्लेत, पुरणपोळी खाल्ली, म्हणून असेल."

"रोट संपल्यावर रंग उतरला?"

"नाही ना! आणखी गडद झाला."

रंजनाताईंनी बाटली रुमालात गुंडाळली. "ही कुठे ठेवायचीस?"

"शेजारच्या नीलमताईंच्या फ्रीजमध्ये. आमच्याकडे फ्रीज नाही. फक्त रविवारी त्यांच्या घराला कुलूप होतं, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवली होती. रात्रभर जागरण, गाणी, घरभर माणसं. सकाळी घेतली तर तिथेच होती." ती थांबली. "हाताला मात्र कोमट लागली. मला नवल वाटलं, ओल्या फडक्यात रात्रभर राहून कोमट कशी?"

"मामा, रिक्षा काढा," ताई म्हणाल्या.

*

नवागामला चंचलच्या चाळीत नीलम गायकवाड दारातच भेटली. नवरा रेल्वेत, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात एक जुना, गंजलेला फ्रीज.

"औषध माझ्या फ्रीजमध्ये चालतं," ती फणकाऱ्याने म्हणाली. "मी मात्र कानबाईला चालत नाही! रोट म्हणे भाऊबंदांनीच खायचे असतात. असूदेत बाबा त्यांचे रोट. रविवारी मी सरळ कुलूप लावलं आणि उधण्याला बहिणीकडे गेले. सोमवारी संध्याकाळी परतले, तेव्हा चंचलने बाटली आणून दिली."

बोलता बोलता तिने पाणी दिलं. बाजीरावांनी मोठ्या आशेने घोट घेतला. माठातलं पाणी यापेक्षा गार असतं.

"बर्फ मिळेल?" ताईंनी विचारलं.

"या फ्रीजमध्ये? अहो, याचा वरचा कप्पा मेल्याला वर्ष झालं. त्यात मी कांदे ठेवते!"

खाली उतरताच बाजीराव कुजबुजले, "हीच ती. रोटाला बोलावलं नाही, नाकाला मिरच्या झोंबल्या, काढला सूड!"

"कांदे पाहिलेत ना, मामा?"

"कांद्याचं काय?"

ताई रिक्षात जाऊन बसल्या.

मेडिकलवाला हितेशभाई तर नाव काढताच उसळला. "बेन, मारो माल चोख्खो छे! एकाच खोक्यातल्या बाटल्या सगळीकडे गेल्यात, बाकी कोणाची तक्रार नाही." त्याचा फ्रीज लखलखीत होता. ताईंनी तसल्याच दोन नव्या बाटल्या घेतल्या.

"हाही खोटं बोलत असेल," बाजीराव म्हणाले.

"त्याचा माल खराब असता तर पहिली अर्धी बाटली लागू कशी पडली? तोपर्यंत रंग निळाच होता."

बाजीरावांनी जोरात किक मारली. रिक्षासुद्धा आज त्यांच्यावर खेकसली.

*

शोभाबाईंचं घर लिंबायतमध्ये, दुसऱ्या माळ्यावर. गॅलरीतून कोणीतरी डोकावलं आणि आत गेलं, हे बाजीरावांनी खालूनच पाहिलं. दार उघडायला बराच वेळ लागला.

समोरच्या भिंतीला नवा कोरा फ्रीज, दारावर कुंकवाचं स्वस्तिक, वर क्रोशाचं झाकण. त्याच्या पायाशी अंथरलेलं गोणपाट ओलं होऊ लागलं होतं. गोलू तिथेच बसून थेंबाखाली बोट धरत होता. शोभाबाईंनी त्याला झटकन उचलून कडेवर घेतलं.

"बंद आहे हो तो," विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "कानबाईच्या आधीपासून बंद पडलाय. कारागिराला वेळ मिळेना."

"अरेरे, नवा दिसतोय."

"नवाच आहे. पण आमचं नशीब! थोरली सून मी, वीस वर्षं कानबाई माझ्या घरी बसली. कानबाईचा नारळ मी चौरंगावर ठेवायचे, नथ मी चढवायचे. यंदा सासूबाई म्हणाल्या, धाकटीकडे बसू दे. बसू दे! राहायलाही धाकटीकडेच. औषध ठेवायला शेजारीण चालते, मी चालत नाही. मी म्हटलं होतं, माझ्याकडे ठेवा. तर म्हणे, 'ऱ्हाऊ दे, नीलमकडे जवळ पडस.'" त्यांचे डोळे भरून आले. "आणि निष्पन्न काय झालं? त्या लाडकीनेच दगा दिला!"

"जागरणाला होता तुम्ही?"

"आरती झाली आणि घरी आले. डोकं दुखत होतं. दुसऱ्याच्या हातून नथ चढताना बघायचं, डोकं दुखणार नाही तर काय! पहाटे परत गेले विसर्जनाला."

काशिनाथ कापडाच्या लूमवरून नुकताच आला होता. तो खाली मान घालून बसला. त्याला एवढंच म्हणायचं होतं, की घरात शांतता पाहिजे.

चहा आला. बाजीरावांनी कपात पाहिलं आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. चहावर पिवळसर कण आणि तेलकट चकत्या तरंगत होत्या. फाटलं की काय दूध? पण घोट घेतला तर आंबट नव्हता, चव चांगली होती. ताईंनी चहा संपवला आणि कप ठेवायच्या निमित्ताने मोरीपर्यंत जाऊन आल्या. केराच्या टोपलीत कोथिंबिरीची जुडी पडली होती, काळपट, मऊ, शिजवल्यासारखी. आणि दोन टोमॅटो, बोट लावताच पिचकणारे.

खाली येताच ताईंनी एक नवी बाटली बाजीरावांच्या हातात दिली.

"मामा, पंडित कुल्फीवाल्याकडे जा. बर्फात मीठ घालून त्यात ही बाटली पुरा. दगड झाली की काढून कोमट पाण्यात सोडा. मग बैठकीला घेऊन या."

"मी? कुल्फीच्या गाडीपाशी बाटली राखत बसू?"

"एक कुल्फीही खा."

बाजीरावांनी कुल्फी खाल्ली. सूड म्हणून दोन खाल्ल्या.

*

दिवेलागणीला शोभाबाईंचं घर माणसांनी भरलं. भाऊबंदांत वडीलधारे बळीरामबापू भिंतीला टेकून बसले होते. दाराजवळ योगराज, बायकांत शोभाबाई, त्यांच्या मांडीवर गोलू. चंचल उंबऱ्याशी उभी होती. गोलू तिच्याकडे हात पसरायचा आणि शोभाबाई ते हात परत घ्यायच्या. बाजीरावांनी खिशातली बाटली चाचपली.

"बोला बाई," बापू म्हणाले. "पण लवकर. पोरीला रात्रीच्या गाडीत बसवायचंय."

रंजनाताईंनी तीन बाटल्या फरशीवर मांडल्या.

"ही पहिली, दुकानातून आणलेली, चांगली." त्यांनी ती घोळवली. ताज्या दुधासारखी एकजीव झाली. "आता हिच्यात पाणी घालते." सुईने त्यांनी पाणी सोडलं. औषध पातळ झालं, फिकट झालं, पण एकजीवच राहिलं. "पाणी घातलं तर असं दिसतं. दाणे नाहीत, काचेला ठिपके नाहीत. आता ही चंचलच्या घरातली."

रव्यासारखे कण तळाशी घिरट्या घालू लागले.

"म्हणजे पाणी कोणी भरलेलं नाही. मग झालं काय? मामा, तुमची बाटली द्या."

सगळ्या बैठकीचे डोळे आपल्याकडे वळलेले पाहून बाजीरावांची छाती फुगली. त्यांनी बाटली घोळवली. आत तेच दाणे! काचेवर तेच पांढरे ठिपके!

"ही आज दुपारपर्यंत चांगली होती. मामांनी ती बर्फ-मिठात गोठवली आणि पुन्हा पातळ केली. बस, एवढंच. धुरपदाबाईंचं औषध विष घालून नासलेलं नाही. ते गोठून नासलंय."

"हे काय बोलता?" काशिनाथ पहिल्यांदाच बोलला. "बर्फात तर सगळं टिकतं! आमचं दही एकदा दगड झालं होतं. त्याच दह्याने विरजण लावलं तर झकास दही लागलं."

"लागणारच. मी आधी प्रयोगशाळेत होते, काशिनाथभाऊ. तिथे आम्ही जंतू मुद्दाम गोठवून जपून ठेवायचो. दह्यातले जीव गोठले की थोडे मरतात, उरलेले झोपतात. ऊब मिळाली की उठून पुन्हा वाढतात. म्हणून विरजण लागतं. इन्शुलिन, म्हणजे हे सुईचं औषध, हा जीव नाही. ते बिघडलं तर त्याच्या जागी नवं जन्मत नाही. पाण्याचा बर्फ होताना टोकदार स्फटिक होतात, औषधाचे बारीक कण एकमेकांवर रेटले जातात आणि त्यांचे गोळे होतात. तुम्ही लूमवाले आहात. ताग्याची वीण एकदा उसवली तर ताग्याला इस्त्री करून ती परत येते का? औषध पातळ झालं, पण त्यातला दम गेला."

काशिनाथने बाटली हातात घेऊन उजेडात धरली.

"आता कुठे गोठलं? रविवारपर्यंत रंग निळा, सोमवारी रात्री हिरवा. म्हणजे दुकानात नाही, नीलमकडेही नाही. तिच्या फ्रीजमध्ये बर्फ होतच नाही, वरच्या कप्प्यात कांदे असतात. शिवाय ती घरी नव्हती. बाटली माठाशी होती. माठाने कधी बर्फ होतो का? सकाळी ती कोमट लागली. ओल्या फडक्यातली वस्तू गार पाहिजे. म्हणजे रात्री कोणीतरी ती नेली, गोठवली, गरम पाण्यात पातळ केली आणि पहाटे परत ठेवली. जागरण सोडून रात्री कोण गेलं आणि पहाटे कोण आलं?"

शोभाबाईंनी गोलूला छातीशी ओढलं. "माझा फ्रीज बंद आहे! आठवडा झाला!"

"मग आज दुपारी त्यातून पाणी का गळत होतं? आठवडाभर बंद असलेला फ्रीज कोरडा ठणठणीत असतो. मामांनी खालून पाहिलं, कोणीतरी गॅलरीतून डोकावलं. आम्ही जिना चढत होतो तेव्हा तुम्ही तो बंद केलात. चहाच्या दुधावर कण तरंगत होते आणि दूध आंबट नव्हतं. गोठून पातळ झालेल्या दुधाचं लोणी असं सुटतं. तुमची कोथिंबीर आणि टोमॅटोही तसेच. गोठताना आतल्या पेशी फुटतात आणि भाजी शिजल्यासारखी मऊ होते. हा फ्रीज बंद नव्हता. त्याचं बटण शेवटच्या टोकाला फिरवलेलं होतं."

बापूंनी मान हलवली. योगराज उठला. त्याने फ्रीजचं दार उघडलं, वरच्या कप्प्याचं झाकण ओढलं. अर्धवट वितळलेल्या बर्फात पत्र्याला काहीतरी चिकटलं होतं. त्याने नखाने खरवडलं आणि निळ्या पट्टीचा कागदी कोपरा ओल्या बोटावर घेऊन तो तसाच उभा राहिला. ताईंनी बाटली पुढे केली. कोपरा तंतोतंत बसला.

"ओली बाटली पत्र्याला चिकटते," ताई म्हणाल्या. "ओढली की कागद मागे राहतो."

"मारायचं नव्हतं मला!" शोभाबाई एकदम ओरडल्या. गोलू दचकून रडायला लागला. "देवाशप्पथ, मारायचं नव्हतं! माठापाशी पडली होती हो बाटली, कोणाचा पाय लागला असता. थंड ठेवायचं औषध ना? मग सगळ्यात थंड जागी ठेवली. देवाच्या नैवेद्यासारखी जपून ठेवली! म्हटलं, सकाळी सासूबाईंना दाखवीन, बघा, तुमच्या लाडकीने माठाशी टाकलं होतं, मी सांभाळलं. पहाटे बघते तर दगड. कोमट पाण्यात सोडली, तर आत सगळं फुटलेलं." त्या हुंदके देत होत्या. "सांगणार होते. पण सांगितलं असतं तर पुन्हा हीच चांगली आणि मीच वाईट! आणि मग सासूबाई पडल्या... माझ्या तोंडातून निघून गेलं, पाणी भरलं असेल."

"निघून गेलं?" चंचल पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "माझं लेकरू घेतलंत ना तुम्ही, अक्का!"

शोभाबाईंनी मांडीवरच्या लेकराकडे पाहिलं. पदराने गोलूचं नाक पुसलं, उठल्या, माणसांमधून वाट काढत उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि त्याला चंचलच्या कडेवर दिलं. गोलूने आईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. बळीरामबापू खाकरले. "गाडी-बिडी काही नाही," ते म्हणाले. "पोरगी कुठे जात नाही. आणि शोभा, जे सगळ्यांसमोर बोललीस, ते उद्या धुरपदावैनीसमोर तूच सांगायचं."

*

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाजीराव हजर होते. काम काही नव्हतं, पण शेवट बघितल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागलं नसतं.

शोभाबाईंनी खाटेशी बसून सगळं सांगितलं, काहीही न लपवता. धुरपदाबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

"आणि तो फ्रीज," शोभाबाई शेवटी म्हणाल्या, "तुमच्यासाठीच घेतला होता, आत्याबाई. औषधाची सोय असली तर माझ्याकडे राहायला याल, असं वाटलं."

म्हातारीने डोळे उघडले. मी तर समजले होते ही बर्फाची पेटी चाळीला दाखवायला आणलीय, असं काहीतरी ती आधी पुटपुटली. मग शोभाबाईंचं मनगट धरून हळूच म्हणाली, "मन्हाकरता पेटी लिधी व्हती, मंग माले सांगं का नही, पोरी?"

शोभाबाईंनी तिच्या हातावर कपाळ टेकलं. म्हातारी थोरल्या सुनेच्या केसांवरून हात फिरवत राहिली, बराच वेळ. पुढच्या महिन्यात मी तुझ्याकडे येते, पण ते बटण जरा मागे फिरव, असंही म्हणाली.

बाजीरावांनी सहज खाटेच्या पलीकडे पाहिलं. चंचल नव्या बाटलीतून सुई भरून उभी होती. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ओठ घट्ट मिटलेले, आणि नजर त्या केसांवरून फिरणाऱ्या हातावर खिळलेली.

रिक्षात बसल्यावर बाजीराव म्हणाले, "ताई, थोरलीच्या पोटातलं दुखणं गेलं. पण आजपासून धाकटीच्या पोटात सुरू झालं."

रंजनाताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. "ते कधी पाहिलंत तुम्ही? मी तर म्हातारीकडेच बघत होते."

"तुमच्याही समोरच तर होतं," बाजीराव म्हणाले आणि मोठ्या समाधानाने किक मारली.